रविवारचा ब्लॉक

नेटवर्कचा स्विच म्हणजे ऑफिसातली किंवा डेटा सेंटरमधली यंत्रं तारांनी एकमेकांना जोडणारा डबा. त्यावर लॉगिन करून ‘शो व्हर्जन’ ही आज्ञा मारली की बऱ्याच माहितीच्या मधोमध एक ओळ येते: हा डबा किती काळ न थांबता चालू आहे. आमच्या धंद्यात या ओळीचं भारी कौतुक. सहा वर्षं, आठ वर्षं असा आकडा दिसला की स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकायचा, खाली अंगठे आणि टाळ्या. ‘याला म्हणतात हार्डवेअर’ असंही कोणीतरी लिहितंच. मला मात्र तो आकडा बघून पोटात गोळा येतो. सहा वर्षं बंद पडला नाही याचा दुसरा अर्थ असा की सहा वर्षांत त्याचं सॉफ्टवेअर कोणी मुळापासून बदललेलं नाही. आणि तिसरा अर्थ त्याहून वाईट. तो बंद करून पुन्हा चालू केला तर उठेल की नाही, हे आज त्या कंपनीत कोणालाच माहीत नाही.

मी नेटवर्कवाला. पुण्यात बसून अमेरिकेतल्या ऑफिसांचे आणि डेटा सेंटरचे स्विच सांभाळणारी जी हजारो माणसं आहेत, त्यातला एक. न्यूयॉर्कची शनिवारची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडचे रविवारी सकाळचे साडेदहा. उन्हाळ्यात त्यांची घड्याळं तासभर पुढे गेली की साडेनऊ. त्यामुळे आमची ‘मध्यरात्र’ ऐन पोह्यांच्या वेळेला येते. आई दर वेळी विचारते, “रविवारी कसलं रे काम? बँकासुद्धा बंद असतात.” मी म्हणतो, “अगं, बंद असतात म्हणूनच.”

चेंजच्या तिकिटावर, म्हणजे स्विचमध्ये काही बदलायच्या परवानगीच्या अर्जावर, एक रकाना असतो: सेवेवर परिणाम. त्यात ‘नाही’ लिहिलं की मंजुरी चटकन मिळते. ‘होय, पाच मिनिटं’ लिहिलं की तीन मीटिंगा, दोन मोठ्या साहेबांच्या सह्या, आणि ‘हे पुढच्या तिमाहीत नाही का ढकलता येणार?’ अशी विचारणा. मग सगळेच ‘नाही’ लिहितात. हा ‘नाही’ खरा करून दाखवायचे दोन रस्ते आहेत. त्यातला जो जास्त हुशार दिसतो, तो मला कमी आवडतो.

हुशार रस्ता आधी सांगतो. स्विचच्या पोटात दोन वेगळी कामं चालतात. एक साधा सीपीयू असतो, त्यावर बहुतेक वेळा लिनक्सचंच एखादं रूप चालतं. तो शेजारच्या स्विचशी आणि राउटरांशी (एका नेटवर्कमधून दुसऱ्यात जायची वाट दाखवणारे डबे) बोलतो, कोण कुठे आहे याची माहिती गोळा करतो आणि तिचा तक्ता बनवतो. तो तक्ता खास बनवलेल्या चिपमध्ये उतरवला जातो आणि प्रत्यक्ष पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, इकडून तिकडे टाकायचं काम ती चिप करते. सेकंदाला अब्जावधी पॅकेट, सीपीयूला न विचारता. म्हणजे सीपीयू काही वेळ बेशुद्ध पडला तरी चिप शेवटचा तक्ता धरून काम रेटत राहू शकते. ‘चालू सेवेत अपग्रेड’, आमच्या भाषेत आयएसएसयू, ही सगळी करामत या एका गोष्टीवर उभी आहे. मोठ्या चॅसिसमध्ये, म्हणजे कार्डं खोचायच्या सांगाड्यात, दोन सुपरवायझर कार्डं असतात, दोन्हींवर आपापला सीपीयू. आधी राखीव कार्डावर नवं सॉफ्टवेअर चढवायचं, त्याला सगळी माहिती समजावून द्यायची, कारभार त्याच्याकडे सोपवायचा आणि मग जुन्याला रीबूट करायचं. छोट्या डब्यात एकच सीपीयू असतो. तिथे चिपला हात न लावता फक्त वरचं सॉफ्टवेअर नव्याने उठवतात. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये खुली केलेली ‘सोनिक’ ही प्रणाली ज्या स्विचवर चालते, तिथे याला वॉर्म रीबूट म्हणतात.

ऐकायला झकास. अडचण शेजाऱ्यांची आहे. सीपीयू गप्प झाला की शेजारी मनात सेकंद मोजायला लागतात. दोन स्विचमधल्या तारांची जुडी बांधणारा एलएसीपी हा प्रोटोकॉल (यंत्रांनी आपसात बोलायचे ठरलेले नियम) साधारण ९० सेकंद वाट बघतो, मग ‘हा गेला’ म्हणून जुडी सोडून देतो. म्हणून सोनिकच्या वॉर्म रीबूटमध्ये सीपीयूने त्या ९० सेकंदांच्या आत परत यायचंच, असं बंधन आहे. राउटर एकमेकांना मार्ग कळवतात त्या बीजीपी या प्रोटोकॉलसाठी तर २००७ साली एक रीतसर मानकच लिहिलं गेलं, ‘ग्रेसफुल रीस्टार्ट’ नावाचं. त्याचा मथितार्थ एवढाच: मी थोडा वेळ बोलणार नाही, पण मेलो असं समजू नका, पॅकेट पाठवत राहा.

आता गंमत बघा. तीच टीम, जिला अपग्रेडमध्ये एकही पॅकेट सांडायला नको असतं, तीच मागच्या वर्षी ‘लिंक तुटली की लगेच कळलं पाहिजे’ म्हणून एलएसीपीचा टायमर ९० वरून ३ सेकंदांवर आणून ठेवते. वर बीएफडी नावाचा प्रोटोकॉल चालू करते, जो सेकंदाच्या आतच शेजाऱ्याला मृत घोषित करतो. दोन्ही मागण्या आपापल्या जागी रास्त आहेत, एकत्र मात्र नांदत नाहीत. ज्याला पापणी लवायच्या आत मरण ओळखायचं आहे, त्याच्यासमोर दीड मिनिट मेल्याचं सोंग घेता येत नाही.

शिवाय त्या दीड मिनिटात चिप जुन्या तक्त्यावर चालते आहे हे विसरायचं नाही. नेमकी तेव्हाच दुसरीकडे एखादी लिंक पडली तर चिपला कोण सांगणार? ती इमानेइतबारे पॅकेट त्या तुटलेल्या वाटेला लावत राहते. दोन व्हर्जनमध्ये अंतर जास्त असेल तर स्विच बनवणाऱ्या कंपनीचा अपग्रेडचा तक्ता सांगतो की थेट जाता येणार नाही, मध्ये आणखी एका व्हर्जनवर थांबा. आणि पोर्टांच्या, म्हणजे तारा खोचायच्या जागांच्या, मागे बसलेल्या फर्मवेअरमध्ये (हार्डवेअरच्या आतलं सॉफ्टवेअर) दुरुस्ती असेल तर काहीच मार्ग नाही, डबा बंद करून चालू करावाच लागतो. जाहिरातीत ‘हिटलेस’, म्हणजे धक्का न लागता, हा शब्द मोठ्या अक्षरात असतो. या सगळ्या अटी रिलीज नोट्समध्ये, बऱ्याच खाली.

दुसरा रस्ता मुंबईकराला समजावताना मला कधी फळा लागला नाही. रविवारी मध्य रेल्वेचा माटुंगा-मुलुंड मेगाब्लॉक असतो. धीम्या मार्गावरच्या गाड्या जलद मार्गावर वळवतात, गाड्या थोड्या उशिराने धावतात, आणि मोकळ्या झालेल्या रुळांवर माणसं तास न् तास काम करतात. चालत्या लोकलखालचा स्लीपर बदलायच्या फंदात कोणी पडत नाही. आयएसएसयू म्हणजे नेमकं तेच करायचा हट्ट. मी ब्लॉकवाला आहे. स्विच जोडीने लावलेले असतात, प्रत्येक सर्व्हरची एक तार या स्विचला आणि एक त्या. मग एकावरची वाहतूक दुसऱ्यावर वळवायची, तो पूर्ण रिकामा करायचा, आणि रिकाम्या डब्याला काय हवं ते करायचं. पॅच (सॉफ्टवेअरची छोटी दुरुस्ती) टाका, रीबूट करा, पंखा बदला.

रिकामा करायची सोय मार्ग ठरवणाऱ्या बहुतेक प्रोटोकॉलमध्ये आहे आणि ती फार वापरली जात नाही याचं मला वाईट वाटतं. आयएस-आयएसमध्ये ‘ओव्हरलोड बिट’ नावाचा एक बिट असतो. तो लावला की बाकीचे राउटर समजतात, हा जिवंत आहे पण याच्यातून आरपार जाऊ नका. ओएसपीएफमध्ये आपल्याकडून जाणाऱ्या वाटेची किंमत कमाल करून ठेवायची, म्हणजे बाकीचे दुसरी वाट धरतात. बीजीपीसाठी २०१८ मध्ये एक ठरलेली खूण आली, ती लावून मार्ग जाहीर केला की समोरचा समजतो: हा जायच्या तयारीत आहे, दुसरं बघा. कोणालाही धक्का न लावता, निरोप घेऊन निघायची पद्धत आहे ही.

आणि मग त्या स्विचवरच्या वाहतुकीच्या आलेखाकडे बघत बसायचं. माझ्या कामातला हा सगळ्यात आवडता भाग. वीस गिगाबिटवर असलेली रेघ उतरायला लागते. बारा, सात, दोन. शेजारच्या स्विचची रेघ तेवढीच चढते. मग ती खाली येऊन चिकटते, पण शून्यावर नाही. एका रविवारी आमच्यातली एक नवी मुलगी म्हणाली, “सर, चाळीस केबीपीएस राहिलंय. एवढंच आहे, मारू का रीलोड?”

“कोण आहे ते बघ आधी.”

चाळीस केबीपीएस, सेकंदाला चाळीस हजार बिट, वीस गिगाबिटसमोर काहीच नाही. पण ते का उतरत नाही? ज्याला दुसरी वाट आहे तो कधीच निघून गेला. जो मागे राहिला त्याला वाटच नाही. तिने पोर्ट शोधलं, मॅक ॲड्रेस, म्हणजे यंत्राचा ओळख क्रमांक, काढला. त्याच्या बारा अंकांपैकी पहिले सहा कोणत्या कंपनीचं यंत्र आहे ते सांगतात. निघाला दारांचा कंट्रोलर. कार्ड दाखवलं की दार उघडतं, ते यंत्र. पोर्टच्या वर्णनात कोणीतरी लिहून ठेवलं होतं: ‘टेम्प’. पुढे तारीख, तीही जुनी. घाईत कोणीतरी एकच तार लावली, नंतर रीतसर करू म्हटलं, आणि नोकरी सोडून गेलं. रीलोड, म्हणजे रीबूट, मारला असता तर मध्यरात्री तिकडच्या इमारतीत रखवालदाराचं कार्ड चाललं असतं की नाही, हे त्या कंट्रोलरच्या अकलेवर अवलंबून होतं. आम्ही तिकडच्या माणसाला फोन करून आधी दाराशी उभं केलं, मग पुढे गेलो.

प्रत्येक ब्लॉकमध्ये असं काहीतरी निघतं. दोन तारा आहेत पण दुसरी कधीच चालू नव्हती. दोन तारा आहेत पण दोन्ही एकाच स्विचला. सर्व्हरवाल्यांनी राखीव पोर्ट म्हणून जे लावलं त्यात व्हीलॅनच (स्विचमध्ये वेगळं पाडलेलं जाळं) चुकीचा. कागदावर सगळं दुपदरी असतं. कागद खोटा कुठे आहे ते फक्त रिकामं करताना दिसतं. आयएसएसयूने काम झालं तर यातलं काहीही कळत नाही. ‘टेम्प’ तसंच राहतं आणि एके दिवशी स्विचचा वीजपुरवठा जळतो तेव्हा सापडतं, तेही वर्किंग डेला.

रीलोड मारल्यावर मात्र खरोखर काही करण्यासारखं नसतं. कन्सोलची, म्हणजे स्विचला थेट जोडलेल्या तारेवरची, खिडकी, तीही ९६०० बॉडच्या संथ चालीने. आधी टिंबं, मग कंसात ओके, मग कुठलातरी इशारा जो दर वेळी येतो आणि ज्याचा अर्थ कंपनीच्या सपोर्टलाही सांगता येत नाही. दुसऱ्या खिडकीत ‘उठलास का?’ विचारत राहणारा पिंग, तिसरीत शेजारच्या स्विचचे एरर मोजणारे काउंटर. कॉलवर तिकडचा मॅनेजर दर मिनिटाला “एनी अपडेट?” विचारतो आणि आमचा लीड दर वेळी तितक्याच गोड आवाजात “स्टिल बूटिंग” म्हणतो. ही कन्सोलची वाट नेटवर्कपासून वेगळी असली पाहिजे, स्वतंत्र मोडेमवर किंवा दुसऱ्याच कंपनीच्या लाइनवर. कॅनडातल्या रॉजर्स या फोन-इंटरनेट कंपनीचं ८ जुलै २०२२ रोजी काय झालं ते आठवा. सात टप्प्यांच्या अपग्रेडचा सहावा टप्पा चालू होता, एका राउटरवरची गाळणी काढली गेली, मार्गांचा लोंढा गाभ्यातल्या राउटरांवर येऊन आदळला आणि सव्वा कोटीच्या आसपास ग्राहकांचं फोन-इंटरनेट गेलं. दुरुस्त करायला निघालेल्या इंजिनियरांची राउटरांपर्यंत जायची वाटही त्याच गाभ्यातून होती. आधीचे पाच टप्पे सुरळीत गेले होते, हे या घटनेवरच्या अहवालातलं मला सगळ्यात बोचलेलं वाक्य.

स्विच उठला की नवखा माणूस हुश्श करतो. जुना माणूस तेव्हा पुढे सरसावून बसतो. जाणं सोपं असतं, परत येणं अवघड. पोर्टं लगेच उघडली तर सर्व्हर आनंदाने पॅकेट पाठवायला लागतात, आणि स्विचचा तक्ता अजून रिकामा असतो. आलेलं सगळं हवेत. म्हणून चांगले स्विच उठल्यावरही मुद्दाम काही काळ पोर्टं बंद ठेवतात, आधी शेजाऱ्यांकडून सगळे मार्ग शिकून घेतात आणि मगच दार उघडतात. काही कंपन्यांच्या स्विचवर ही वाट पाहणी पाच मिनिटांची असते. ती पाच मिनिटं ‘उगाच’ वाटून कमी करणारे मी पाहिलेत.

परत येण्याचा हा क्षण किती महाग पडू शकतो, याचा सगळ्यात मोठा धडा इंटरनेटचा नाही, टेलिफोनचा आहे. १५ जानेवारी १९९०, सोमवार. अमेरिकेत एटी अँड टी या टेलिफोन कंपनीच्या लांब पल्ल्याच्या जाळ्यात ४ईएसएस जातीची ११४ एक्स्चेंज, म्हणजे कॉल जोडून देणारी यंत्रं, होती. डिसेंबरच्या मध्यात त्या सगळ्यांवर नवं सॉफ्टवेअर चढवलेलं, सेवेत खंड न पडता. महिनाभर सगळं शांत. त्या दुपारी न्यूयॉर्कच्या एका एक्स्चेंजला किरकोळ बिघाड जाणवला आणि त्याने शिकवल्याप्रमाणे चार-सहा सेकंद स्वतःला बाजूला घेतलं, शेजाऱ्यांना कळवलं, स्वतःला दुरुस्त केलं आणि परत आलं. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये परत आल्यावर ‘मी आलो’ असा वेगळा निरोप जायचा. नव्यात तो वेळ वाचवला होता: सरळ कॉल पाठवायला लागायचं, शेजाऱ्यांनी त्यावरून ओळखायचं की हा परतला आणि आपल्या नोंदीत तसं लिहायचं. ती नोंद चालू असतानाच त्याच एक्स्चेंजकडून दुसरा कॉल सेकंदाच्या शंभराव्या भागात येऊन धडकला तर? सी भाषेतल्या त्या प्रोग्रॅममध्ये एका ‘स्विच’ विधानाच्या (हा स्विच म्हणजे डबा नव्हे, पर्याय निवडणारं विधान) आत ‘इफ’ होतं आणि त्याच्या आत एक ‘ब्रेक’, म्हणजे ‘इथून बाहेर पड’. तो ब्रेक लिहिणाऱ्याला वाटलं त्याहून बाहेरच्या पायरीवर उडी मारत होता, आणि पुढची माहिती भलत्याच जागी लिहिली जात होती. शेजारच्या एक्स्चेंजला आपली माहिती बिघडलेली दिसली. त्यानेही शिकवल्याप्रमाणे केलं: स्वतःला बाजूला घेतलं, दुरुस्त केलं आणि परत आलं. परत येताना त्याने आणखी शेजाऱ्यांना कॉल पाठवले.

नऊ तास हे चालू होतं. एक्स्चेंज पडत होती, उठत होती, आणि उठताना दुसऱ्याला पाडत होती. जवळपास निम्मे कॉल लागत नव्हते. न लागलेल्या कॉलची संख्या सात कोटींच्या घरात सांगतात. शेवटी इंजिनियरांनी निरोपांचा भार कमी केला तेव्हा ती साखळी तुटली, आणि नंतर जुनं सॉफ्टवेअर परत चढवलं. प्रत्येक यंत्र आपापल्या परीने बिनचूक शिस्तीत वागत होतं. राखीव प्रोसेसरही होता, पण त्याच्याही पोटात तोच प्रोग्रॅम.

हे वाचल्यापासून मी सगळ्या ठिकाणी एकाच रविवारी नवं व्हर्जन चढवायच्या विरोधात आहे. जोडीतले दोन स्विच वेगळ्या व्हर्जनवर फार काळ ठेवता येत नाहीत, कंपनी त्याला परवानगी देत नाही. पण एका गावातली जोडी नव्यावर आणि दुसऱ्या गावातली जुन्यावर, असं दोन-तीन आठवडे खुशाल ठेवता येतं. नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या ‘कम्प्लायन्स’वाल्यांच्या तक्त्यात लाल खूण दिसते, दिसू दे. एटी अँड टीलाही महिनाभर काही दिसलं नव्हतं, हेही खरंच. दोन-तीन आठवडे पुरतात असं मी म्हणत नाही. एकाच वेळी सगळं जाणार नाही, इतकंच त्यातून मिळतं.

टेलिफोनवाल्यांची न थांबण्याची परंपरा आमच्यापेक्षा फार जुनी, आणि फार कडक. बेल कंपनीचं पहिलं इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज, १ईएसएस, १९६५ मध्ये न्यू जर्सीतल्या सकासुना गावी सुरू झालं, तेव्हा रचनेचं उद्दिष्ट होतं: चाळीस वर्षांत मिळून दोन तासांपेक्षा जास्त बंद नाही. दोन प्रोसेसर एकच काम बरोबरीने करायचे आणि एकमेकांचं उत्तर ताडून बघायचे. पुढे एरिक्सन या टेलिफोन यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत १९८६ च्या सुमारास अर्लांग या प्रोग्रॅमिंग भाषेचं काम सुरू झालं आणि तिथे तर चालू प्रोग्रॅमचा तुकडा बदलायची सोय भाषेतच घातली. एका मॉड्यूलच्या दोन आवृत्त्या एकाच वेळी स्मृतीत राहू शकतात. जे कॉल आधीपासून चालू आहेत ते जुन्या आवृत्तीत पूर्ण होतात, नवे नव्या आवृत्तीत सुरू होतात. तिसरी आवृत्ती आली की अजून पहिलीत रेंगाळलेल्यांना बाहेर काढलं जातं. ही रचना मला मनापासून सुंदर वाटते. ती आयएसएसयूपेक्षा ब्लॉकच्या जास्त जवळची आहे, कारण तीही आधी वाट वळवते आणि मग जुनं मोकळं करते.

पण न थांबता बदलता येणारं यंत्र आणखी कोणालाही बदलता येतं. ग्रीसमध्ये तेच झालं. व्होडाफोन ग्रीसकडे एरिक्सनची एएक्सई जातीची एक्स्चेंज होती. ती चालू असतानाच पॅच करता येतात, तेच त्यांचं वैशिष्ट्य. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या सुमारास कोणीतरी त्यांच्या चालू स्मृतीत स्वतःचे पॅच घातले, २९ ठिकाणी. कायदेशीर फोन टॅपिंगसाठी असलेली सोय त्यांनी गुपचूप वापरली आणि शंभराहून जास्त मोबाइलवरचं बोलणं भलतीकडे जायला लागलं. त्यात पंतप्रधान कोस्तास करामनलिस यांचा फोनही होता. कोणते पॅच लागलेत ते दाखवणारी आज्ञाच त्यांनी अशी बदलली होती की त्यांचे स्वतःचे पॅच यादीत दिसू नयेत. एक्स्चेंज कधी रीबूट होत नाही, त्यामुळे स्मृतीतलं पुसलंही जात नव्हतं. महिनोन् महिने चाललं. पकडलं गेलं कसं? २००५ च्या जानेवारीत त्या चोरांनी आपलं सॉफ्टवेअर अपग्रेड केलं, आणि त्यात काहीतरी चुकून लोकांचे एसएमएस पोचेनासे झाले. चोरांचाही चेंज फसला! खरं सांगतो, हे पहिल्यांदा वाचताना मला त्यांची किंचित कीव आली होती. ते चोर कोण, हा प्रश्न ग्रीसमध्ये पुढे कितीतरी वर्षं धुमसत राहिला. तो तुम्ही सवडीने वाचा, त्यात एका इंजिनियरचा मृत्यूही आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

आमच्या डब्यांवरही याची छोटी आवृत्ती आली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिस्को कंपनीच्या राउटर-स्विचवर चालणाऱ्या आयओएस एक्सई या सॉफ्टवेअरमधल्या वेब पानाचं एक भगदाड जाहीर झालं, गंभीरतेत १० पैकी १०. दुरुस्ती यायला जवळपास आठवडा लागला आणि तोवर जगभर हजारो राउटर-स्विचमध्ये कोणीतरी आपलं बस्तान मांडून बसलं होतं. मांडलेलं ते बस्तान रीबूट केलं की जायचं, कारण ते डिस्कवर लिहिलेलं नव्हतं. त्यांनी बनवून ठेवलेली ॲडमिनची खाती मात्र राहायची, ती वेगळी शोधून काढावी लागली. म्हणजे सहा वर्षं न थांबलेल्या डब्याच्या मालकाला दोन्हीकडून मार: भगदाड जुनं, आणि घुसलेल्याला हलवायला कोणी नाही.

अशा घाईच्या वेळी छोटा हॉट पॅच मीही वापरतो, आढेवेढे न घेता. सबंध सॉफ्टवेअर न बदलता एखादाच प्रोसेस बदलणारा पॅच. तीन पायऱ्या असतात: ॲड, ॲक्टिव्हेट, कमिट. पहिलीत फाइल डब्यात येते, दुसरीत पॅच लागू होतो, आणि तिसरी होईपर्यंत तो कायमचा नसतो. मध्येच रीबूट झालं तर डबा जुन्या रूपात परत येतो. ही तिसरी पायरी ज्याने कोणी सुचवली असेल त्याला माझा दंडवत. ॲक्टिव्हेट करून चहा प्यायचा, काउंटर बघायचे, दोन-चार लोकांना ‘तुमचं चालतंय ना?’ विचारायचं, मग कमिट.

तरी हॉट पॅचवर हॉट पॅच चढवत वर्षं काढायची सवय लागली की एक जुनं दुखणं वाढत जातं. स्विचमध्ये दोन कॉन्फिगरेशन असतात, एक आत्ता चालू असलेलं आणि एक डिस्कवर जपून ठेवलेलं. रात्री दोनला कोणीतरी एक ओळ बदलतो, प्रश्न सुटतो, सेव्ह करायचं राहतं. डबा चालू आहे तोवर सगळं ठीक. चार वर्षांनी तो उठतो तेव्हा ती ओळ नसते, आणि ती ओळ कोणी का घातली हे सांगणारा माणूस तोवर बंगळुरूला असतो. म्हणून ब्लॉकच्या दिवशी आमचं पहिलं काम दोन्ही कॉन्फिगरेशन शेजारी ठेवून फरक बघायचं. दुसरं काम, आधीची स्थिती फाइलमध्ये उतरवून ठेवायची: किती शेजारी, किती मार्ग, किती मॅक ॲड्रेस, कोणती पोर्टं चालू. नंतर तीच यादी पुन्हा काढून ताडायची. ४१२ मॅक होते आणि आता ४११ आहेत, तर तो एक कोण? कंटाळवाणं काम आहे. ते स्क्रिप्टने होतं, पण त्या एकाचा माग काढायला माणूसच बसावा लागतो.

राहता राहिला मजल्यावरचा स्विच. वर सांगितलेलं सगळं डेटा सेंटरमध्ये चालतं, जिथे दोन-दोन तारा असतात. तुमच्या टेबलाखालून जाणारी तार एकच असते आणि ती कपाटातल्या एकाच स्विचला जाते. तिथे वळवायला दुसरा रूळच नाही. काही नव्या स्विचवर एवढी सोय असते की रीबूट होताना पोर्टांची वीज जात नाही, म्हणजे त्याच तारेवर चालणारे फोन आणि कॅमेरे बंद पडत नाहीत, फक्त काही मिनिटं गप्प होतात आणि स्विच आला की लगेच बोलतात. वीज जाऊन सगळे फोन एकदम उठायला लागले तर आणखी दहा मिनिटं जातात, ती वाचतात. तेवढंच.

म्हणून मजल्यावरच्या स्विचच्या मेलमध्ये मी ‘सेवेवर परिणाम नाही’ लिहायचं सोडून दिलं आहे. सरळ लिहितो: शनिवारी रात्री साडेबारा ते एक, या वेळेत कधीतरी सात-आठ मिनिटं तिसऱ्या मजल्यावर नेट आणि फोन नसतील, कोणाचं महत्त्वाचं काम असेल तर आधी सांगा. मेल गेला की तासाभरात तिकडच्या कुठल्यातरी व्हाइस प्रेसिडेंटचं उत्तर येतं, हे अजिबात बंद न करता करता येणार नाही का? येईल की, असं मी कळवतो, आणि दुसऱ्या स्विचचं, दुपदरी केबलिंगचं आणि प्रत्येक टेबलाला जादा पोर्टचं कोटेशन जोडतो. आठ मिनिटं बहुतेक सोमवारपर्यंत मंजूर होतात.